आठ आणि नऊ तारीख न घेणारा फॉर्म

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. देवगडला तुझ्या काकांची हापूसची कलमं आहेत. २००२ साली कोणीतरी त्यांना पेट्या बुक करायचं एक वेबपेज करून दिलं, ते पॅकिंगच्या शेडमधल्या विंडोज ९८ वाल्या कॉम्प्युटरवर इंटरनेट एक्सप्लोरर ६ मध्ये अजून चालू आहे, आणि फोनवर आलेल्या ऑर्डरी काका त्यातच टाकतात. तेच पेज नेटवरही आहे, मुंबई-पुण्याची गिऱ्हाइकं तिथून ऑर्डर देतात. आता तक्रारी अशा, की शेडमध्ये पाठवणीची ८ आणि ९ तारीख फॉर्म घेतच नाही पण तुझ्या लॅपटॉपवर घेतो. शेडमध्ये एकूण रक्कम भलतीच मोठी येते आणि लॅपटॉपवर रक्कम दिसतच नाही. फोन नंबर नसेल तर ‘नंबर टाका’ असं सांगतो पण ओके दाबल्यावर ऑर्डर जातेच. आणि काही ऑर्डरी दोनदा येतात. हे दुरुस्त करावं की फेकून नवं लिहावं, असं तू विचारलंयस.

नवंच लिही. पण त्याआधी या चारही गोष्टी का होतात ते नीट समजून घे, कारण यातल्या तीन तर नव्या पेजमध्येही जशाच्या तशा येऊ शकतात, आणि मी गेली पंचवीसेक वर्षं रत्नागिरीत हेच काम करतोय, चांगले शिकलेले लोक आजही त्याच ठिकाणी अडकताना बघतो.

तारखेपासून सुरू करतो कारण ती मला जवळची आहे. २००१ साली मी गणपतीपुळ्याच्या एका लॉजसाठी बुकिंगचा फॉर्म केला होता. मार्चमध्ये चालू केला, मे महिन्याची सगळी गर्दी त्याच्यावरून गेली, जुलैपर्यंत कधी कसली तक्रार नाही. मग ऑगस्टसाठी एकही बुकिंग येईना. त्या वर्षी गणपती ऑगस्टात होते, म्हणजे लॉज भरायला हवा होता. मालकांना वाटलं पावसाने फोनच्या लाइनी गेल्यात, आमच्याकडे जात होत्याच, त्यामुळे मलाही ते पटलं. शेवटी पुण्याहून कोणीतरी फोन करून सांगितलं की तुमचा फॉर्म ‘महिना चुकीचा आहे’ म्हणतो. ऑगस्ट आणि सप्टेंबर दोन्ही महिने बंद, ऑक्टोबर मात्र व्यवस्थित चालू. मी दोन दिवस सर्व्हरच्या, म्हणजे बुकिंग घेणाऱ्या मशीनच्या, बाजूला शोधत बसलो होतो आणि चूक ब्राउझरमधल्या एका ओळीत होती.

झालं होतं असं, की महिन्याच्या यादीत किमती ०१, ०२ अशा दोन आकडी होत्या. त्या वाचायला मी पार्सइंट, म्हणजे ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्ट भाषेतलं मजकुरातून पूर्ण आकडा काढणारं फंक्शन, वापरलं होतं, आणि पार्सइंटला दुसरी किंमत, म्हणजे आकडा दहाच्या पद्धतीने वाच हे सांगणारा १०, दिलाच नव्हता. आकड्याच्या आधी शून्य असेल तर तो आठाच्या पद्धतीतला, म्हणजे ऑक्टल, ही रीत सी या जुन्या प्रोग्रामिंग भाषेतून आलेली. आठाच्या पद्धतीत अंक असतात शून्य ते सात. ०१ ते ०७ वाचले की एक ते सातच येतात त्यामुळे काही कळत नाही. ०८ मध्ये मात्र पार्सइंट शून्य वाचतं, पुढचा ८ त्याच्या पद्धतीत बसत नाही म्हणून तिथेच थांबतं आणि उत्तर देतं शून्य. ०९ चंही तेच. १० मध्ये सुरुवातीला शून्य नाही, मग परत सगळं ठीक. पुढच्या ओळीत ‘महिना एकपेक्षा कमी असेल तर चूक’ अशी तपासणी होती, तिने इमानदारीत ते शून्य पकडलं.

तुझ्या काकांच्या फॉर्ममध्ये दिवस आणि महिना दोन्हीला पुढे शून्य आहे हे तू पाठवलेल्या सोर्समध्ये, म्हणजे पेजच्या कोडमध्ये, दिसतंय. आंबा एप्रिल-मेमध्ये जातो म्हणजे ०४ आणि ०५, ते कधी अडणारच नाहीत. अडतात फक्त दर महिन्याचे दोन दिवस, आणि भर सीझनमध्ये दोन दिवसांसाठी कोण भांडत बसतो, ७ किंवा १० टाकून माणूस मोकळा होतो. काकांनी मात्र ‘माझी आठ तारीख खंय गेली?’ असं प्रत्येकाला विचारलं असं तू लिहिलंयस, ते अगदी बरोबर विचारत होते. लॅपटॉपवर हे होत नाही कारण नियम बदलला. डिसेंबर १९९९ च्या तिसऱ्या आवृत्तीत जावास्क्रिप्टच्या प्रमाणकाने, म्हणजे भाषेच्या अधिकृत नियमांनी, हे ब्राउझर बनवणाऱ्यांवर सोडलं होतं, ऑक्टल धरा किंवा दहाचं धरा, दहाचं धरलेलं बरं एवढाच सल्ला होता. डिसेंबर २००९ च्या पाचव्या आवृत्तीत ऑक्टल बंदच केलं. म्हणजे कोड तोच आहे, तो वाचणारा बदलला. तरी तू दुसरी किंमत १० लिहायची सवय ठेव, काहीच खर्च नाही त्याला.

आता रक्कम. दोन पेट्या, ६०० चा भाव, पार्सलचे १५०, आणि फॉर्म म्हणतो १२००१५०, बारा लाख दीडशे. इथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसव, फॉर्मच्या चौकटीतून जे काही हातात येतं ते मजकूर असतो, आकडा नाही. तुला दिसायला १५० दिसतात, स्क्रिप्टच्या हातात एक, पाच, शून्य अशी तीन अक्षरं असतात. आणि जावास्क्रिप्टमध्ये गुणाकाराचं चिन्ह आलं की दोन्ही बाजूंचं ती स्वतःहून आकड्यात करून घेते, त्यामुळे २ गुणिले ६०० बरोबर १२०० येतात. बेरजेच्या चिन्हाचं मात्र दुहेरी काम आहे, आकडे असतील तर मिळवणं आणि एका बाजूला जरी मजकूर असला तरी शेजारी शेजारी चिकटवणं. म्हणून १२०० ला १५० चिकटले. अर्धा हिशोब बरोबर येतो आणि अर्धा चुकतो त्यामुळेच माणूस गोंधळतो. ही भाषा ब्रेंडन आइक यांनी मे १९९५ मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत दहा दिवसांत उभी केली, वेबपेज करणाऱ्या साध्या माणसाला आकडा, मजकूर असले प्रकार आधी सांगत बसायला लागू नयेत अशी तिची ठेवण आहे, आणि त्या सोयीची किंमत बेरजेत मोजावी लागते.

तेव्हा चौकटीतून आलेलं पहिल्याच ओळीत आकड्यात कर आणि मगच हिशोबाला हात लाव. कशाने करायचं तेही बघून कर. पार्सइंटला ‘५ पेट्या’ दिलं तर ते ५ घेऊन बाकीचं सोडून देतं, नंबर नावाचं फंक्शन त्याच मजकुराला एनएएन म्हणजे ‘हा आकडाच नाही’ म्हणतं. उलट रिकामी चौकट दिली तर नंबर शून्य देतं आणि पार्सइंट एनएएन. पेट्यांची चौकट रिकामी असताना तुला शून्य पाहिजे की चूक पाहिजे हे तू ठरवायचं. आणि एनएएन स्वतःशीसुद्धा बरोबर नसतो, त्यामुळे तो बरोबरच्या चिन्हाने तपासू नको, त्यासाठी इझएनएएन आहे.

आपल्या लोकांसाठी एक जास्तीची गोष्ट, ही इंग्रजीतल्या कुठल्या जुन्या पुस्तकात मला मिळाली नाही. हल्ली गिऱ्हाईक मोबाइलवर मराठी कीबोर्ड लावून ५ असा देवनागरी आकडा टाकतं. जावास्क्रिप्टला तो आकडा वाटत नाही. नंबर एनएएन देतं, पार्सइंट एनएएन देतं, आणि अंक शोधायचा जो नेहमीचा पॅटर्न आहे तोही फक्त इंग्रजी आकडेच धरतो. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला एक ठरलेला क्रमांक असतो, देवनागरी शून्याचा २४०६ आणि पुढचे नऊ ओळीने, म्हणजे प्रत्येक अक्षराच्या क्रमांकातून २४०६ वजा केले की अंक हातात आला. चार ओळींचं काम आहे पण ते न केल्यामुळे ‘फोन नंबर चुकीचा आहे’ असं वाचून फॉर्म बंद करून गेलेली माणसं मी पाहिलीत, आणि त्यांनी नंबर अगदी बरोबर टाकला होता.

लॅपटॉपवर रक्कम दिसतच नाही त्याचं कारण वेगळं आणि फार मजेशीर आहे. १९९७ मध्ये दोन मोठ्या ब्राउझरांच्या चौथ्या आवृत्त्या आल्या आणि पेजवरचा एखादा तुकडा धरायचे दोघांचे दोन रस्ते होते. एक्सप्लोररमध्ये डॉक्युमेंट डॉट ऑल, नेटस्केपमध्ये डॉक्युमेंट डॉट लेयर्स. त्यामुळे सगळे जण असं लिहायचे की ऑल असेल तर हे कर, नाहीतर लेयर्स असेल तर ते कर. ऑक्टोबर १९९८ मध्ये डॉमचं, म्हणजे स्क्रिप्टने पेजचे तुकडे कसे धरायचे त्याचं, पहिलं प्रमाणक आलं, त्यात गेटएलिमेंटबायआयडी हा सगळ्यांसाठी एकच रस्ता मिळाला, एक्सप्लोरर ५ पासून तो चालतोही. पण लोक जुना कोड कॉपी करत राहिले, काकांच्या पेजमध्येही तेच झालंय. आता गंमत बघ, आजच्या ब्राउझरमध्ये डॉक्युमेंट डॉट ऑल आहे, पण ‘आहेस का’ असं विचारलं की ते ‘नाही’ असंच उत्तर देतं, प्रमाणकातच तशी खास सूट लिहून ठेवलीय. कारण लाखो जुनी पेजं ऑल दिसलं की हा एक्सप्लोरर आहे असं समजून चुकीच्या वाटेला लागली असती. मग तुझ्या लॅपटॉपवर पहिली अट खोटी, दुसरी अट खोटी, आणि तिसरी वाट कोणी लिहिलेलीच नाही. म्हणून रक्कम छापलीच जात नाही आणि चूकही दिसत नाही. ब्राउझरचं नाव ओळखून काम करू नको, जे फंक्शन वापरायचंय ते आहे का एवढंच बघ.

‘नंबर टाका’ सांगूनही ऑर्डर जाते त्याला दोन ओळी पुरतील. ऑनसबमिटमध्ये, म्हणजे फॉर्म पाठवताना काय करायचं ते लिहितात तिथे, तपासणीचं फंक्शन नुसतं बोलावलंय, त्याच्या आधी रिटर्न हा शब्द नाही. फंक्शन आत फॉल्स, म्हणजे ‘नाही’, देतं पण ते फॉर्मपर्यंत पोचतच नाही, आणि ब्राउझर फॉल्स मिळालं तरच थांबतो. तो एक शब्द घाल, थांबेल. एवढं करूनही कधीकधी जातं, तेव्हा समजायचं की तपासणीच मध्ये कुठेतरी मोडलीय. स्क्रिप्ट मोडली की रिटर्नपर्यंत पोचत नाही आणि फॉर्म सरळ निघून जातो. एक्सप्लोररमध्ये अशा वेळी खाली डाव्या कोपऱ्यात पिवळा त्रिकोण येतो, त्याच्यावर डबल क्लिक केलं की चूक दिसते, ओळीचा नंबर मात्र पुढेमागे असतो, त्याच्यावर फार विसंबू नको. काकांच्या पेजमध्ये मोडायचं एक खात्रीचं कारण दिसतंय, पाठवायच्या बटणाचं नाव ‘सबमिट’ ठेवलंय. बटणाला ते नाव दिलं की फॉर्मचं स्वतःचं सबमिट हे फंक्शन त्याच्यामागे झाकलं जातं, आणि खाली कोडमध्ये कुठे ते बोलावलं की ‘ऑब्जेक्ट डझन्ट सपोर्ट धिस प्रॉपर्टी ऑर मेथड’ असा मेसेज येतो. आजच्या ब्राउझरमध्येही होतं हे, मेसेजचे शब्द वेगळे असतील. बटणाचं नाव बदल.

आता मी जी गोष्ट शिकायला आलेल्या प्रत्येक मुलाला पहिल्या दिवशी करून दाखवतो ती सांगतो. फॉर्मच्या बाबतीत तीन वेगळ्या गोष्टी असतात, माणसाला पडद्यावर काय दिसतं, स्क्रिप्टच्या हातात काय आहे, आणि सर्व्हरकडे काय जातं. आपण पहिली बघून तिसरीबद्दल बोलत राहतो. ती तिसरी डोळ्यांनी बघायची सोपी युक्ती आहे. फॉर्मची मेथड, म्हणजे माहिती पाठवायची पद्धत, पोस्ट असेल ती तेवढ्यापुरती गेट कर, ॲक्शनमध्ये, म्हणजे फॉर्म जिथे जातो त्या पत्त्यात, एखादं रिकामं पेज दे, फॉर्म भर आणि बटण दाब. वर ॲड्रेसबारमध्ये प्रश्नचिन्हाच्या पुढे सगळं उघडं दिसेल, नाव बरोबर किंमत, मग अँडचं चिन्ह (&), पुन्हा नाव बरोबर किंमत. खरी गिऱ्हाइकांची माहिती घालून नको करू, खोट्या नावाने कर.

काकांच्या फॉर्मवर हे केलंस तर काय दिसेल ते मी आधीच सांगतो. एकूण रक्कम त्या ओळीत नसेलच. कारण ती चौकट कोणी बदलू नये म्हणून डिसेबल्ड केलीय, आणि डिसेबल्ड चौकट ब्राउझर पाठवतच नाही, रीडओन्ली असेल तर पाठवतो. ‘गिफ्ट पॅकिंग’ला टिक केली नसेल तर तेही नाव नसेल, कारण टिक नसलेला चेकबॉक्स ‘नाही’ असं कळवत नाही, तो गप्प राहतो, आणि टिक केली तर ‘ऑन’ येईल कारण व्हॅल्यू लिहिलेली नाही. गावाच्या नावाची चौकट नसेल, तिला आयडी दिलाय पण नेम दिलेलं नाही, स्क्रिप्टला आयडी चालतो, पाठवताना ब्राउझर फक्त नेम बघतो. काका म्हणतात ना की गाव नेहमी रिकामं येतं, ते यामुळे.

दुसऱ्या गोष्टीसाठी, म्हणजे स्क्रिप्टच्या हातात काय आहे ते बघायला, किंमत दोन चौकोनी कंसांमध्ये घालून अलर्टने छोट्या खिडकीत दाखव आणि शेजारी टाइपऑफ, म्हणजे ती मजकूर आहे की आकडा ते, छाप. कंस अशासाठी की मागेपुढे राहिलेली स्पेस दिसते. आज ब्राउझरमध्ये असं तपासायला कन्सोल नावाची खिडकी आहे पण शेडमधल्या त्या ब्राउझरमध्ये नाही, तिथे अलर्टच.

मराठी पत्त्याचंही इथेच कळेल. पेजचं कॅरेक्टर सेट, म्हणजे पेजला कुठली अक्षरं माहीत आहेत ती यादी, जुनं पाश्चात्त्य असेल आणि माणसाने देवनागरीत लिहिलं तर बरेच ब्राउझर प्रत्येक अक्षराचा क्रमांक पाठवतात, ‘र’च्या जागी अँड, हॅश, २३५२, सेमीकोलन. मग पार्सलच्या लेबलवर तेच छापून येतं. पेज, डेटाबेस आणि दोघांमधलं कनेक्शन, तिन्हीकडे देवनागरीसकट सगळ्या लिप्या घेणारं यूटीएफ ८ ठेव, एकीकडे ठेवून भागत नाही.

दोनदा येणाऱ्या ऑर्डरी. हे बहुतेक स्लो कनेक्शनमुळे होतं, बटण दाबलं, काही हललं नाही, परत दाबलं. डायलअपच्या काळात आमच्याकडे हे रोजचं होतं, आणि आज समुद्राकडच्या वाड्यांवर एक दांडी नेटवर्क असतं तिथेही तेच. लोक उपाय म्हणून बटणाच्या ऑनक्लिकमध्ये, म्हणजे ते दाबताक्षणीच, बटणच डिसेबल करतात, तसं केलं की काही ब्राउझरांमध्ये फॉर्म जातच नाही. ते ऑनसबमिटमध्ये, सगळी तपासणी पास झाल्यावर कर. पण खरा बंदोबस्त सर्व्हरवर. फॉर्म देताना त्यात एक वेगळा क्रमांक लपवून दे, तोच क्रमांक परत आला तर दुसरी ऑर्डर लिहू नको. आणि ऑर्डर लिहून झाल्यावर ‘धन्यवाद’चं पेज तिथल्या तिथे न दाखवता ब्राउझरला दुसऱ्या पत्त्यावर पाठव, म्हणजे कोणी रिफ्रेश केलं तरी पोस्ट पुन्हा जाणार नाही.

एक गोष्ट तू विचारली नाहीस पण सोर्समध्ये बघून मला काळजी वाटली. पेटीचा भाव लपवलेल्या चौकटीत ठेवलाय, आणि सर्व्हर तोच भाव धरून बिल करतो. कोणीही ते पेज आपल्या कॉम्प्युटरवर सेव्ह करून नोटपॅडमध्ये ६०० चे ६० करू शकतो आणि तिथूनच पाठवू शकतो. तुझी स्क्रिप्ट त्याला अडवणार नाही, स्क्रिप्ट त्याच्याच मशीनवर चालते, तो ती बंदही करू शकतो. ब्राउझरमधली तपासणी ही भल्या माणसाची सोय आहे, त्याला पटकन कळावं की नंबर राहिला. सर्व्हरने प्रत्येक गोष्ट नव्याने तपासायची, भाव स्वतःच्या यादीतून घ्यायचा आणि बेरीज स्वतः करायची. बिलात रुपयांबरोबर सुटे पैसे असतील तर हिशोब रुपयांत न ठेवता पैशांतच, पूर्ण आकड्यांत ठेव, कारण या भाषेत ०.१ आणि ०.२ मिळून ०.३०००००००००००००००४ होतात.

क्रम असा ठेव. पाडव्याच्या आत सर्व्हरवरचा भाव आणि बेरीज, आणि दोनदा येणाऱ्या ऑर्डरींचा क्रमांक, कारण यात काकांचे पैसे जातात. मग नवं पेज, यूटीएफ ८ मध्ये, देवनागरी आकडे घेणारं. शेडमधल्या कॉम्प्युटरवर तोपर्यंत पार्सइंटमध्ये तो १० घाल, बेरजेच्या आधी नंबर लाव, ऑनसबमिटमध्ये रिटर्न लिही, बटणाचं नाव बदल, दहा मिनिटांचं काम आहे, आणि काकांना शेजारी बसवून ८ तारखेची एक ऑर्डर त्यांच्याच हातून टाकून घे. ॲड्रेसबारमधली ओळ काय आली ती मला पाठव, रेडिओ बटणांचा भाग मी त्या ओळीवरून बघतो, कारण तिथे पार्सलचा एकच पर्याय शिल्लक राहिला असेल तर त्याची लेंग्थ, म्हणजे पर्याय किती ती संख्या, मिळत नाही आणि एकेक पर्याय तपासणारा तुझा लूप एकदाही फिरत नाही.